कोटाच्या आतला कोट

मैत्री हा मनुष्यजातीने लावलेला सर्वांत मोठा शोध आहे. चाक, अग्नी वगैरे सगळं त्याच्यानंतर. हे वाक्य गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्याच्या जिन्यात काचेच्या फ्रेममध्ये लावलेलं होतं. पंधरा वर्षं दिवसातून दोनदा त्याच्यासमोरून जाणाऱ्या कटरबाईला ते तोंडपाठ होतं. ते तिथे का लावलंय हेही तिला ठाऊक होतं. मागे भिंतीला ओल होती. आधी तिथे कॅलेंडर होतं, पण ओल कॅलेंडरपेक्षा मोठी झाली, तेव्हा साहेबांनी मोठं वाक्य शोधलं.

कटरबाई म्हणजे कारखान्यात कापड बेतून कापणारी बाई. पहारेकरी, नर्सेस, हॉटेलातले वाढपी, दुकानातल्या विक्रेत्या, अशा सगळ्यांचे गणवेश आधी तिच्या कात्रीखालून जात आणि मग चौदा मशीनवर शिवले जात. वय त्रेचाळीस. लग्न झालेलं नव्हतं, आणि ते का झालं नाही असं विचारणारे नातेवाईक एकेक करून वारले होते. उरली होती एक थोरली बहीण. ती दुसऱ्या गावी राहायची आणि दर रविवारी फोन करायची.

"जेवलीस का गं?"

"जेवले."

"मग ठीक आहे."

या तीन वाक्यांवर दोघी बहिणींचं नातं गेली वीस वर्षं बिनतक्रार चाललं होतं.

कटरबाईची कारखान्यात ख्याती होती ती तिच्या नजरेबद्दल. दारातून एखादा पहारेकरी आत यायचा, टोपी काढून नमस्कार करायचा, आणि तेवढ्यात हिच्या मनात त्याची छाती, गळा, बाहीची लांबी लिहून झालेली असायची. नंतर टेप लावली तर बोटभराचाही फरक निघत नसे. दिव्याखाली मात्र अंधार होता. आरशात तिला जी बाई दिसायची ती नेहमी दोन मापं मोठी असायची. जगातल्या कुठल्याही देहाला न चुकणारी ती नजर घरच्याच देहाला चुकत होती, आणि घरचा असल्यामुळे तपासून घ्यायला कोणी नव्हतं.

तिचं आणि अन्नाचं भांडण जुनं होतं. विशीत सुरू झालं, तिशीत तह झाला, आणि मागच्या वर्षी आई गेली तेव्हा तह मोडला. या भांडणाला नाव आहे, तो आजार आहे, डॉक्टरी पुस्तकात आहे, हे तिला माहीत होतं. फार वर्षांपूर्वी एका मासिकात तिने त्यावरचा लेख वाचला होता. लेखाबरोबर खिडकीकडे बघणाऱ्या सोळा-सतरा वर्षांच्या एका मुलीचा फोटो होता. त्रेचाळिसाव्या वर्षी हा आजार होणं म्हणजे पहिलीच्या वर्गात जाऊन बाकावर बसण्यासारखं, असं कटरबाईला वाटे. गुडघे मावणार नाहीत आणि लोक हसतील ते वेगळंच. म्हणून तिने कोणाला सांगितलं नाही. झाकली मूठ.

मुठीत काय आहे हे कळू द्यायचं नसेल तर हात कोणाच्या हातात देता येत नाही, एवढीच काय ती अडचण.

मैत्रिणी एकदम जात नाहीत. त्या जेवणाजेवणाने जातात. माणसांना एकमेकांची आठवण आली की ती म्हणतात, ये ना जेवायला. वाढदिवस झाला, केक. बढती मिळाली, हॉटेल. कोणी मेलं, तरी चार दिवसांनी टेबलाभोवती बसून ताटं. प्रेम करायला माणसाने तोंडाखेरीज दुसरा अवयव फारसा वापरलेला नाही. कटरबाईकडे सबबींचा साठा होता: पोट बिघडलंय, आत्ताच खाल्लं, औषध चालू आहे, दात दुखतोय. दाताची सबब इतकी वापरून झाली की एका मैत्रिणीने काळजीने स्वतःच्या दातांच्या डॉक्टरची वेळच घेऊन दिली. कटरबाई गेली. तोंड उघडून अर्धा तास बसली. बोलायचं तर खोटंही नीट बोलावं, अशी तिची शिस्त होती. दात उत्तम निघाले. त्या मैत्रिणीने नंतर बोलावणं सोडलं. बाकीच्यांनीही सोडलं, कोणी रागावून नाही, कंटाळून. सारखं नाही म्हणणाऱ्या माणसाला बोलवायचं थांबवणं हा लोकांना सभ्यपणाच वाटतो.

राहिली फक्त बॉबिन.

बॉबिन कटिंगच्या टेबलाला लागून असलेल्या पहिल्या मशीनवर बसायची. मशीनमधल्या दोऱ्याच्या गोल रिळाचं हे नाव तिला आकारावरून पडलेलं नाही असं सगळे तिला सांगायचे. आकारावरूनच पडलेलं होतं, आणि तिला त्याचं काही नव्हतं. "रिकामी असण्यापेक्षा भरलेली बरी," म्हणायची. तिचा नवरा ट्रक चालवायचा आणि वर्षातले आठ महिने रस्त्यावर असायचा. उरलेले चार महिने घरी झोपायचा. त्यामुळे बॉबिनपाशी बोलायचं खूप साठायचं, आणि ते सगळं दुपारच्या सुट्टीत बाहेर पडायचं. मधल्या सुट्टीत ती टेबलाच्या कडेवर डबा उघडायची, पाव, उकडलेली अंडी, कधी रात्रीचा भात, आणि एकच प्रश्न विचारायची.

"खाणार?"

"सकाळी भरपूर झालं."

"बरं. तर शेजारीण काय म्हणाली ऐक. म्हणे तुमच्या ट्रकमुळे आमच्या पोपटाने बोलणं सोडलं..."

ते "बरं" कटरबाईला जपून ठेवावंसं वाटे. त्यात शंका नव्हती, आग्रह नव्हता, कळवळा नव्हता. बॉबिन खायची आणि बोलायची; कटरबाई कोऱ्या चहाचा पेला दोन्ही हातांत धरून ऐकायची. नऊ वर्षं. घरी गेल्यावर ती दुसऱ्या कोणाशी बोलत नसे. तिच्या खोलीत एक खुर्ची होती. दुसरी आईची होती ती बहीण घेऊन गेली होती, आणि तिची उणीव भासावी असं कोणी येत नव्हतं. दिवसातली ती पस्तीस मिनिटं सोडली तर कटरबाईचा आवाज फक्त मापं सांगण्यासाठी निघायचा.

तर कोटाचं असं झालं.

कारखान्यात सगळ्यांना राखी रंगाचा कामाचा कोट घालावा लागे. तो तिथेच बेतलेला, तिथेच शिवलेला. साहेबांचा दंडकच होता: "आपण जगाला मापात बसवतो, आपणच गबाळे दिसलो तर कोण ऑर्डर देईल?" कटरबाईने स्वतःचा कोट स्वतःच्या हाताने बेतला होता, तहाच्या काळात. आई गेल्यानंतर दोनेक महिन्यांनी साहेब टेबलापाशी थांबले आणि म्हणाले, "काय हो कटरबाई, कोट तुमचाच ना? का भावाचा घालून आलात?"

चौदा मशीनवर हशा झाला. कटरबाईही हसली. भाऊ नसल्यामुळे अपमान कोणाचाच होत नव्हता.

त्या शनिवारी बॉबिनने खुंटीवरून कोट उचलला. "ढगळ झालाय. आण, आत घेते." आणि काखेपासून खालपर्यंत दोन्ही बाजूंनी एकेक शिवण मारून दिला. दहा मिनिटांचं काम. का ढगळ झालाय हे तिने विचारलं नाही. न विचारण्यात तिचं मन मोठं होतं असं नाही. तिला तसं शिकवलेलंच नव्हतं. शिवणाऱ्या माणसाच्या लेखी देह आणि कपडा यांचं जमत नसेल तर चूक कपड्याची. गिऱ्हाईक कधीच चुकीच्या मापाचं नसतं. वयाच्या पंधराव्या वर्षापासून बॉबिनने जगाकडे या एकाच तत्त्वाने पाहिलं होतं आणि तिचं कुठे अडलं नव्हतं.

पुढे वर्षभरात तिने तो कोट आणखी तीनदा आत घेतला. कधी सांगून, कधी न सांगताच.

सोमवारी सकाळी कटरबाई बटणं लावायची. कोट बसायचा. बसतोय, म्हणजे मी आहे तशीच आहे. वजनकाट्याशी तिचं पूर्वीच फाटलं होतं, आरशावर विश्वास नव्हता. पण कोट तिने स्वतः बेतला होता, तो कशाला खोटं बोलेल? बॉबिनने तो आत घेतलाय हे तिला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतंच. पण माहीत असणं आणि त्याची बेरीज करणं यांत बरंच अंतर असतं, आणि त्या अंतरात माणसं आयुष्यं काढतात.

साहेबांनी पुन्हा कधी कोटावरून टोमणा मारला नाही. कारखान्यात कोणाला काही दिसलं नाही. दिसणार कसं? नीट बसलेल्या कोटातलं माणूस ठीकच असतं.

एका मोठ्या हॉस्पिटलची माणसं ऑर्डर द्यायला येणार म्हणून एकदा सगळ्यांचे कोट धुऊन इस्त्रीला गेले. इस्त्रीकाका कारखान्यात सगळ्यांत जुने. वाफेच्या फुसफुसाटात चाळीस वर्षं काढल्यामुळे त्यांना कमी ऐकू यायचं, आणि आपल्याला ऐकू येईल इतक्या आवाजातच ते बोलायचे.

"अरे, हा कोणाचा?" त्यांनी आपल्या कोपऱ्यातून हाक दिली. "शिवण बसतच नाहीये! दहा वेळा दाबली, परत उभी राहते!"

कोणीतरी म्हणालं, "कटरबाईंचा."

"आत काय भरलंय काय ह्यात?" काकांनी कोट उलटा केला आणि ट्यूबलाइटसमोर धरला. "बापरे! बघा की. कोटाच्या आत अख्खा दुसरा कोट कोंबलाय!"

बॉबिन उरलेलं कापड कधी कापून टाकत नसे. कापलेलं कापड परत येत नाही, पण दुमडलेलं उसवता येतं, हे तिच्या आईचं शिकवणं. त्यामुळे चारही वेळचं कापड आत जसंच्या तसं होतं. दोन्ही बाजूंना, शिवणीवर शिवण, एकापुढे एक चार ओळी. राखी दोरा, पांढरा, पुन्हा राखी, आणि शेवटी दोरा संपला म्हणून निळा.

मशीन एकेक करून थांबली. बॉबिन उठली. काकांच्या हातातून तिने कोट घेतला, टेबलावर उलटा पसरला आणि बोटाने ओळी मोजल्या. चार वेगवेगळ्या शनिवारी मारलेल्या शिवणी तिने एकत्र कधी बघितल्याच नव्हत्या. मग तिने मान वर केली आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा कटरबाईकडे माप घ्यायच्या नजरेने बघितलं.

कटरबाईची कात्री कापडात अर्ध्यावर होती. तिने ती सरळ पुढे नेली. ओळ सोडली नाही.

दुपारच्या सुट्टीत बॉबिनने ब्लेड घेतलं आणि शिवणी उसवायला बसली. चारही. डबा बाजूला, बंद.

"खाऊन घे ना आधी," कटरबाई म्हणाली.

"सकाळी भरपूर झालं," बॉबिन म्हणाली आणि टाका तोडला.

सुट्टी संपायला पाच मिनिटं असताना तिने कोट झटकला आणि कटरबाईला ट्रायलच्या खोलीत नेलं. ही खोली म्हणजे एक पडदा, एक आरसा आणि एक स्टूल.

"घाल."

"आत्ता? काम पडलंय."

"घाल म्हणते ना."

कटरबाईने कोट घातला, बटणं लावली, आरशात बघितलं. आरशात तीच बाई होती, दोन मापं मोठी. तिला बरंच वाटलं. म्हणजे काही झालेलं नाही. मग सवयीने तिचा हात कमरेपाशी गेला. ट्रायलला उभ्या राहिलेल्या हजारो माणसांच्या बाबतीत तो गेला होता तसाच, जास्तीचं कापड चिमटीत धरून टाचणी मारायला. चिमटीत कापड आलं. आणखी आलं. ती गोळा करत गेली आणि कापड संपेचना. शेवटी मूठ भरली, तरी कोट सैलच. या कोटाचं माप तिला पाठ होतं, खडूने तिनेच आखलं होतं. डोळ्याला जे वर्षभर कळलं नव्हतं ते हाताला कळलं.

माणूस घाबरलं की आधी भांडतं.

"मला न विचारता उसवलास तू."

"आत घेताना तरी कुठे विचारलं होतं?"

"मग विचारायचं होतंस!"

"विचारलं असतं तर तुझा दात दुखला असता," बॉबिन म्हणाली. "मला काय कळत नाही? शेजारी बसते मी. नऊ वर्षं विचारलं नाही म्हणून तर टिकलीस माझ्यापाशी."

"काही झालेलं नाही मला. पोट जरा..."

"पोटावर नको ढकलूस. पोटाने काय केलंय?"

"मग सोड ना! आतापर्यंत सोडलंस तसं!"

बॉबिनने पडदा सरकवला. पलीकडे चौदा मशीनची माणसं अतिशय मन लावून काम करत होती.

त्यानंतरचा महिना वाईट गेला, कारण सगळे चांगलं वागायला लागले. बॉबिनने औषधांच्या दुकानातून तीन माहितीपत्रकं आणली. एकात लिहिलं होतं, रुग्णावर दबाव आणू नका. दुसऱ्यात, रुग्णाला एकटं सोडू नका. तिसरं एका टॉनिकची जाहिरात होती. बॉबिनने तिन्ही एकदम अमलात आणली. कटरबाईसाठी वेगळा डबा आणायची, समोर उघडायची, आणि मग मुद्दाम दुसरीकडे बघायची, डोळ्याच्या कोपऱ्यातून. पावाचा तुकडा उचलला की तिचा श्वास थांबायचा. तोंडात गेला की "शाब्बास!" एकदा तर टाळी वाजवली. पोपटाची गोष्ट बंद झाली, ट्रकची बंद झाली. आता बोलायला एकच विषय होता आणि तो गिळायचा होता.

साहेबांनी आपल्या परीने सहानुभूती म्हणून टेबलावर बिस्किटांचा डबा ठेवला आणि वर चिठ्ठी चिकटवली: "कटरबाईंसाठी. इतरांनी घेऊ नये." दोन दिवसांत डबा रिकामा झाला. कटरबाईने त्याला हात लावला नव्हता.

कोट तसाच सैल होता. दुसरा बेतून घ्यावा असं तिला वाटलं नाही आणि कोणी सुचवायचं धाडस केलं नाही. आता मात्र सगळ्यांना सगळं दिसत होतं. वर्षभर जिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं तिच्याकडे जिना चढताना, बटण उचलताना, चहा ओतताना बघितलं जाऊ लागलं. कटरबाई दुपारची सुट्टी गोदामात काढायला लागली. तिथे कापडाचे तागे छतापर्यंत रचलेले होते, त्यामुळे आवाज येत नसे. ती दोन ताग्यांच्या मधे पेला घेऊन बसायची. इथे कोणी विचारत नव्हतं. तिला हेच हवं होतं, नाही का? चहा निवून जायचा. घड्याळात पस्तीस मिनिटं असतात हे नऊ वर्षं तिच्या लक्षातच आलं नव्हतं. आता त्यातलं प्रत्येक मिनिट हजेरी लावून जात होतं. मधूनच तिला वाटे, त्या पोपटाचं पुढे काय झालं कोण जाणे.

गोदामातल्या दहाव्या-बाराव्या दुपारी दार वाजलं. बॉबिन आली, रिकाम्या हाताने. एका ताग्यावर बसली. तागा दबला.

"मी चुकले," ती म्हणाली. "दोनदा. आधी आत घेतलं, आणि मग सगळ्यांसमोर उसवलं."

"आणि टाळी वाजवलीस."

"तीनदा."

बॉबिनने समोरच्या निळ्या ताग्याची सुटलेली कड आत खोचली.

"नाही विचारलं की राग येतो तुला," बॉबिन म्हणाली. "विचारलं की पळतेस. मग मी करू काय? मला ह्याचं बेतणं येत नाही गं. मी आयुष्यभर दुसऱ्याने आखून दिलेल्या रेघेवर शिवलंय. तू आख."

कटरबाईने पेला खाली ठेवला.

"खाण्याची भीती वाटते," ती शेवटी म्हणाली. "रोज. हसू नकोस."

"हसत नाही."

"आई गेल्यापासून जास्त. ती असताना तिच्यासाठी करायचे, तर चार घास व्हायचे. आता एकटीसाठी चूल पेटवायची म्हणजे... आणि खाणं कमी होत गेलं की बरं वाटतं. तेवढंच एक जमतंय असं वाटतं. आणि थांबवता येत नाही. तो कोट हातात आला ना, तेव्हा कळलं, थांबवता येत नाही."

बॉबिनने तोंड उघडलं आणि मिटलं. तिच्या आयुष्यातली ती बहुधा सर्वांत मोठी कामगिरी असावी.

"डॉक्टरकडे जायचं?" तिने मग विचारलं.

"ह्या वयात? तिथे सगळ्या शाळकरी मुली असतील."

"असू देत. मी येते बरोबर. मला बघून त्यांना धीर येईल."

कटरबाई हसली. खरंखुरं हसायला ती विसरली होती, त्यामुळे आवाज थोडा खोकल्यासारखा आला.

फोन त्यांनी गोदामातूनच लावला. या आजाराचं पाहणाऱ्या डॉक्टर सरकारी दवाखान्यात आठवड्यातून एकदा, गुरुवारी येत. तारीख मिळाली अकरा आठवड्यांनंतरची. "माणूस तोवर बरं होईल नाहीतर मरेल," बॉबिन फोनवरच्या बाईला म्हणाली. बाई म्हणाली, तसं झालं तर कळवा, तारीख दुसऱ्याला देता येईल. मग तोवर म्हणून दोघी कोपऱ्यावरच्या साध्या दवाखान्यात गेल्या. तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरने रक्त तपासलं, नाडी बघितली, चष्मा काढला, पुन्हा घातला आणि दर सोमवारी येऊन जायला सांगितलं. तो फारसं बोलला नाही. कटरबाईला तो आवडला.

त्या अकरा आठवड्यांसाठी कटरबाईने रेघ आखली, ती अशी: दुपारी दोघींनी टेबलापाशी नाही, खिडकीपाशी बसायचं, शेजारी शेजारी, तोंडं बाहेर. खिडकीतून टायरचं दुकान दिसायचं. डबे आपापल्या मांडीवर. बघायचं नाही, शाब्बास म्हणायचं नाही. बोलायचं मात्र. बॉबिनने पोपटाची गोष्ट पुन्हा सुरू केली. पोपट बोलायला लागला होता, पण फक्त ट्रकचा हॉर्न. काही दिवशी कटरबाईच्या पोटात अर्धा पाव गेला. काही दिवशी कोर तोडून ती तशीच बोटांत धरून बसली आणि सुट्टी संपली. बॉबिनची मान दुखायला लागली, पण ती वळली नाही. सोमवारी म्हातारा डॉक्टर कधी "हूं" म्हणायचा, कधी "अं" म्हणायचा. "अं" म्हणाला की त्या दिवशी दोघी बोलत नसत.

रात्री खोलीत मात्र कटरबाई एकटीच असायची, आणि तिथे खिडकीला टायरचं दुकान नव्हतं. रविवारी फोन यायचा. एका रविवारी बहिणीने विचारलं, "जेवलीस का गं?" आणि कटरबाई म्हणाली, "नाही." मग बहीण म्हणाली, "लाइन नीट येत नाहीये, नंतर करते." आणि त्या दिवशी नंतर फोन आला नाही.

तारखेचा गुरुवार जवळ आला तसा बॉबिनने रजेचा अर्ज दिला. कारण: मैत्रिणीबरोबर दवाखान्यात जाणे. साहेबांनी तिला बोलावून घेतलं. ते वाईट नव्हते; त्यांच्यापुढे नियमांची फाइल उघडी होती इतकंच.

"कुटुंबातील व्यक्तीच्या आजारपणासाठी रजा आहे. मैत्रिणीसाठी असं कलमच नाही. बसवू कुठे?"

"तिच्या शेजारी बसवलंय की मला तुम्हीच, नऊ वर्षांपूर्वी."

"तसं नाही हो. आणि त्याच दिवशी हॉस्पिटलचे दोनशे कोट जायचेत."

बाहेर आल्यावर इस्त्रीकाकांनी सल्ला दिला. "अगं, बहीण आहे म्हणून लिही!" ते बॉबिनच्या कानाशी लागून कुजबुजले. "साहेबांना काय कळतंय!" केबिनची काच हादरली. साहेबांनी आतून मान वर करून बघितलं, आणि तो मार्गही बंद झाला.

"मी येणारच," बॉबिन कटरबाईला म्हणाली. "काढू देत कामावरून."

"आणि मग? तू घरी, मी इथे. खिडकीत कोण बसणार?"

बॉबिनने परत आलेला अर्ज दुमडून कोटाच्या खिशात घातला.

"मी जाईन एकटी," कटरबाई म्हणाली.

"नक्की जाशील?"

"विचारतेयस तू?"

"हो. विचारतेय. आणि संध्याकाळी परत विचारणार आहे."

गुरुवारी कटरबाई सरकारी दवाखान्यात दहा वाजता पोचली. राखी कोट घालून यायचं काही कारण नव्हतं, तिने साधा स्वेटर घातला होता. वेटिंग रूममध्ये प्लास्टिकच्या सहा खुर्च्या, एक बंद पंखा. समोर एक कॉलेजातली मुलगी आईबरोबर बसली होती. आई मुलीचा हात धरून होती आणि मुलगी तो सोडवत होती. कटरबाईने सवयीने दोघींची मापं घेतली आणि मग खाली बघितलं.

काउंटरवरच्या बाईने फॉर्म दिला. नाव, वय, पत्ता. खाली: जवळची व्यक्ती. पुढे चौकोन: पती, पालक, भावंड, अपत्य. कटरबाईने बॉबिनचा नंबर लिहिला. चौकोनांवरून पेन दोनदा फिरवलं. मग समासात लिहिलं, "शेजारचं मशीन".

"हे काय?" काउंटरवरच्या बाईने विचारलं.

"बाजूला बसते ती."

"असं नाही चालत. इतर लिहू?"

"लिहा."

सव्वादहा झाले. साडेदहा झाले. दार उघडंच होतं आणि दारापासून बस थांबा दिसत होता. सबबी आपोआप रांगेत उभ्या राहिल्या: काम पडलंय, दोनशे कोट आहेत, त्या मुलीची गरज जास्त आहे, मी इथे काय करतेय. कटरबाई उठली. पिशवी घेतली. दारापर्यंत गेली. बस आली, थांबली. तिथून पाऊल उचललं असतं तर आयुष्यातल्या बाकी सगळ्या जेवणांसारखं हेही टळलं असतं आणि कोणाला काही कळलं नसतं. फक्त संध्याकाळी बॉबिन विचारणार होती, आणि तिला खोटं सांगितलं तर ती "बरं" म्हणणार नव्हती.

बस गेली. कटरबाई परत येऊन बसली. खुर्ची अजून कोमट होती.

डॉक्टर पावणेअकराला आल्या. त्यांना गाडी लावायला जागा मिळत नव्हती.